गिरदावरासाठी कण्या

गिरदावर दारात आला तेव्हा धुरपताबाई मुद्दाम गरिबाचा स्वयंपाक करत होती. एवढं अवघड काम तिच्या वाट्याला आजवर आलं नव्हतं.

लढाई हजारो कोस दूर चालली होती, पण सक्तीच्या धान्यवसुलीची लेव्ही राणीसावरगावच्या शिवारापर्यंत येऊन पोचली होती. नेमून दिलेली ज्वारी सरकारला घालूनही कुणी काही लपवलंय का, हे पाहत महसूल खात्याचा गिरदावर गावोगाव हिंडत होता. बन्सीधर त्याचं नाव. तो म्हणे भिंती ठोकत नाही, उतरंडी उतरवत नाही. ऐन जेवणाच्या वेळेला येतो आणि चुलीवरचं झाकण उघडतो. ताटं भरलेली दिसली, की चपराशाला अंगण खणायला लावतो.

आणि धुरपताबाईच्या अंगणात, पऱ्हाट्यांच्या गंजीखाली, पेव होतं. दोन पुरुष खोल, ज्वारीनं भरलेलं. तीन पिढ्या हे घर पेवातलीच ज्वारी खात आलं होतं. ते सरकारनं उपसून नेलं, तर पुढच्या सुगीपर्यंत सात तोंडांनी खायचं काय? नवरा माणिकराव कोठडीत जाईल तो वेगळाच. म्हणून आठ दिवसांपूर्वी भादव्याची उघडीप पाहून, सगळं गाव खुरपणीला गेलेलं असताना, नवराबायकोनं पेव उघडलं. एक पोतं काढलं, तोंड बुजवलं, वरून सारवलं, गंजी होती तशी रचली. सांडलेले दाणे कोंबड्यांना वेचू दिले. कुठं म्हणून खूण ठेवली नाही.

आता चपराशी त्याच गंजीला टेकून उभा होता, हातात लोखंडी सळई घेऊन. माणिकराव गंजीकडं न बघण्याची शिकस्त करत होता.

"काय शिजायलंय?" बन्सीधरनं झाकण उचललं.

"कण्या अन् अंबाडी, साहेब. सातजणांत माणशी अर्धी भाकर. गरिबाच्या घरी दुसरं काय असतंय?" हे वाक्य धुरपताबाईनं तीन दिवस घोकलं होतं.

"ज्वारी कुठली?"

"तालुक्याच्या बाजारची," माणिकराव घाईनं म्हणाला. "चार पायल्या आणल्या, त्याच पुरवून खायलोत."

"असं का? मी तालुक्यालाच ऱ्हातो," बन्सीधर म्हणाला, पण त्यानं पुढं खोदून विचारलं नाही.

एवढ्यावर भागायला हवं होतं. पण धुरपताबाईला वाईट रांधता येत नव्हतं, ही मोठीच अडचण होती. हात आवरता आवरता लसणाची फोडणी पडलीच, आणि बाहेरचा चपराशीसुद्धा मान लांब करून आत बघू लागला. बन्सीधरनं कोपऱ्यातला पाट ओढला.

"वाढा," तो म्हणाला.

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, तोंडाजवळ नेला आणि जरासा थांबला. धुरपताबाईला वाटलं, साहेबाला वास आवडला. तिला बरंच वाटलं. मग तो जेवू लागला. दुसऱ्यांदा कण्या घेतल्यावर त्याला कंठ फुटला.

"बाई, एवढ्याशात सातजणांचं कसं भागवता? आमची मंडळी महिनाभर खाटेवर हाय. तीन लेकरं. दिसभर फिरून घरी जावं, तर चूल मलाच पेटवावी लागती. अन् रोज काहीतरी कमी पडतंयच."

झालं. समोर सरकार बसलंय हे धुरपताबाई विसरून गेली. तिला दिसला तो चुलीपुढं हतबल झालेला एक बाप, आणि तिचा जीव कळवळला.

"कण्या सकाळीच भिजवायच्या, साहेब, अन् कामावर जाताना निखाऱ्यावर झाकून ठेवायच्या. तुमी येस्तोवर आपोआप शिजत्यात. अंबाडीतबी मूठभर टाका, भाजी दुप्पट होती. लेकरांना आधी कण्या वाढा, भाकर मागून, मंग अर्धीत भागतंय. अन् फोडणी खाली न्हाई, वरून घालायची. तेल पळीभर, पन वास घरभर. माणूस आधी नाकानं जेवतंय, साहेब!"

"हे मातूर खरं हाय," बन्सीधर म्हणाला.

माणिकराव तिला डोळ्यांनी दटावत होता. पण ती कुठली बघते! घाईच्या वेळी आमटीला उपयोगी पडेल म्हणून तिनं आतून घरचं येसर, भाजलेल्या धान्या-मसाल्याचं पीठ, आणलं आणि मोठी पुडी बांधून साहेबापुढं ठेवली. घरात दाणा नाही म्हणणारी आपली बायको गिरदावराला शिधा बांधून देते आहे, हे पाहून माणिकरावानं डोळेच मिटून घेतले.

बन्सीधर जेवून उठला. हात धुतले, पुडी खिशात ठेवली आणि चपराशाला ऐकू जाईल असं म्हणाला, "चल रे, या घरात काय बी न्हाई."

चपराशी गंजीपासून हलला आणि सळई खांद्यावर टाकून रस्त्याला लागला. माणिकरावाचा जीव भांड्यात पडला. धुरपताबाई तर मनातून फुगली. तिच्या गरिबीच्या स्वयंपाकाला साक्षात सरकार फसलं होतं, आणि वर बोटं चाटून गेलं होतं.

उंबऱ्यावरून बन्सीधर मागं फिरला. त्यानं आवाज खाली आणला.

"बाई, पाच दिवसांनी तहसीलदारसाहेब सोता यायलेत. त्यांना बी हेच जेवण वाढा. तुमी मला इतकं शिकवलंत, तर माझ्या आईची एक रीत तुमी बी ध्यानात ठेवा. दळायच्या आधी ज्वारीला दोन उन्हं द्यायची. मंग भाकरीला पेवाचा वास येत न्हाई."