मापाचा ड्रेस

नवऱ्या मुलाच्या आजीने, हलीमादादींनी, पेणहून आणलेली पिशवी सोडली, निकाहचा शरारा पलंगावर पसरला आणि म्हणाल्या, "घालून दाखव गो, रुखसार."

रुखसारची आई फरझाना घाईने शराऱ्याची पुन्हा घडी घालू लागली. टेलरला मापाचा ड्रेस हवा, असा पेणहून निरोप आला तेव्हा तिने रुखसारचा म्हणून धाकट्या अरीबाचा ड्रेस धाडला होता. अरीबा अजून शाळेत जाते. थोरलीच्या जेमतेम खांद्याला लागते.

चूक नव्हती ती, मुद्दाम केलं होतं. रोह्याच्या त्यांच्या मोहल्ल्यात सगळ्याच पोरी उंच. एकीला पाहून दुसरी वाढते, असं रुखसारचा बाप नूरमहंमद कौतुकाने सांगायचा. त्याला सांगायला काय जातंय? स्थळांसाठी उंबरे फरझाना झिजवत होती. दोन स्थळं उंचीवरूनच मोडली होती. एका मुलाची आई तर जाता जाता विचारून गेली, "जोडीचा फोटो कसा काढायचा?"

पेणची ही माणसं मोकळ्या मनाची, पण अंगाने आखूड. मंगनीला नुसते पुरुषच आले होते आणि सगळे काके-मामे फरझानापेक्षाही ठेंगणे. पाय मुरगळलाय सांगून तिने रुखसारला त्या दिवशी बसवूनच ठेवलं. नवरा मुलगा वासिफ कतारला कंपनीत. फोनवर तो छातीपर्यंतच दिसायचा. खाली उरलेला किती, ते अल्लालाच ठाऊक. पण रुखसारला तो मनापासून आवडला होता. दोघांचं फोनवरचं हसणं शेजारपाजारच्यांना पाठ झालं होतं. आता वासिफची ही कमरेत वाकलेली आजी पहिल्यांदाच घरी आली होती आणि सगळं उघडं पडणार होतं.

"आत्ता कशाला? आधी जेवून घ्या," फरझाना म्हणाली. "मटण गार होतंय."

रुखसारने शरारा उचलला. "अम्मी, मी घालते. मोडायचं तर आजच मोडू दे."

आतल्या खोलीचं दार लागलं. दादी निवांत सुपारी कातरत बसल्या. फरझाना मनातल्या मनात माफीचे शब्द जुळवत होती; एकही धड जुळत नव्हता.

दार उघडलं. सासरच्या माणसापुढे रुखसार पहिल्यांदाच ताठ उभी राहिली होती. शरारा टाचांपर्यंत पोचला होता. जसा हवा तसा, जणू तिच्या अंगावरच बेतलेला.

फरझानाला हसू फुटलं आणि त्यातच रडू. "हे कसं झालं?"

"टेलरला मीच सांगितलं, मापापेक्षा वीतभर जास्त सोड," दादी म्हणाल्या. "या मोहल्ल्यातली पोर आणि एवढीशी? आणि वासिफची फिकीर नको करू. तो माझ्यावर गेलाय. ट्यूब बदलायला त्याला स्टूल नाय लागत."

"पण तुम्हाला आमच्या मोहल्ल्यातलं काय ठाऊक?"

"मशिदीमागं माझं माहेर होतं. तू इथं सून होऊन आलीस त्याच्या कितीतरी आधी आमची माणसं मुंबईला गेली." दादींनी अडकित्ता बाजूला ठेवला. "माझ्या निकाहचा शरारा घोट्याच्याही वर आलेला गो. माझ्या आईनं पण धाकट्या बहिणीचाच ड्रेस धाडला होता."