चंद्रीचा वूफर

“डब्बानं तोंड मांगे कर,” गिरधरआप्पांनी भूपेंद्रला तिसऱ्यांदा बजावलं. “अन् आवाज हयूहयू वाढाले पाहिजे.”

भूपेंद्रच्या शहाद्यातल्या कार-साउंडच्या दुकानात पोरं यायची ती गाडीच्या काचा हादरवायला. साठी उलटलेले आप्पा मात्र वीस वर्षांची एस्टीम घेऊन आले, डिकीच्या मापाने प्लायवूडचा डबा करवून घेतला, आणि हा वूफर कमीत कमी किती बारीक वाजतो तेच विचारत बसले. भूपेंद्र गालातल्या गालात हसत होता. हसू दे म्हणावं, आप्पांनी मनात म्हटलं.

सगळं चाललं होतं घोडीसाठी. चंद्री तशी गरीब, पण डीजे वाजला की उधळायची. गेल्या लग्नसराईत नवरदेव पुतण्याला पाठीवर घेऊन तिने भर वरातीतून केळीच्या बागेत धूम ठोकली होती. लगाम न सोडणाऱ्या आप्पांचं मनगट मोडलं. तेव्हापासून त्यांच्या बायकोने, कमलबाईंनी, एकच धोशा लावला होता. आणखी एकदा उधळली, तर सारंगखेड्याच्या यात्रेत विकायची. आप्पांना चंद्री विकायची नव्हती.

गाडी दारात आली तेव्हा कमलबाई डिकीत डोकावल्या.

“या वयमा काय डीजे व्हवानं शे तुमले?”

आप्पा कामाला लागले. रोज संध्याकाळी ते गाडी गोठ्यापाशी लावत, इंजिन चालू ठेवत, डिकी उघडून वूफर बारीक धुमधुमवत आणि चंद्रीला गुळाचा खडा देत. दुसऱ्या दिवशी आवाज थोडासा वाढवत. चंद्री भलतीच हुशार निघाली. महिन्याचं काम तिने दहा दिवसांत उरकलं. आप्पा स्वतःवरच खूश होते. एकच कटकट होती, गाडी दर दोन दिवसांनी ढकलावी लागायची.

भूपेंद्र येऊन तपासून गेला. “बॅटरी चांगली शे, आप्पा. कोनी तरी इंजिन बंद करीसन वूफर वाजाडी ऱ्हायना, म्हनीसन ती उतरस.”

“मन्हाशिवाय कोन हात लावस त्याले?” आप्पा भडकले.

तेवढ्यात आतून कमलबाईंनी गुळाचा रिकामा डबा आपटला. “तुमनी घोडीनी समदा गूळ खाई टाका!”

तुळशीचं लग्न झालं आणि भाऊबंदांतली पहिली वरात निघाली. नवरदेव चंद्रीवर बसला. डीजेचा पहिला ठोका पडला तसा आप्पांनी लगाम दोन्ही हातांनी आवळला.

चंद्रीने कान ताठ केले. उधळली मात्र नाही. उलट नवरदेवाला घेऊन ठुमकत चालायला लागली. आप्पांचे डोळे भरून आले. त्यांनी खिशातला गूळ पुढे केला, पण तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती थेट बायकांच्या घोळक्यात शिरली. बायका ओरडत बाजूला झाल्या. एकट्या कमलबाई जागच्या हलल्या नाहीत, आणि चंद्रीने त्यांच्या कमरेला खोचलेल्या पदरात नाक खुपसलं.

आप्पा बघतच राहिले.

“काय देखी ऱ्हायनात?” पदरातली गुळाची गाठ सोडत कमलबाई म्हणाल्या. “तुम्ही सकायले वावरमा गयात का आम्ही दोन्हीजनी रोज वाजाडतस. एकटा तुमनावर सोडी देऊ? मनगट का लोखंडनं शे तुमनं?”