फायनलच्या दिवशी नीकॅप

"पाय मुरगळला काय? सकाळी तर धाडधाड जिना उतरलीस! घाबरलीस तू, वहिनी!" धनेश ओरडला. तो करिश्माचा दीर आणि तिच्या कबड्डी टीमचा कोचसुद्धा. आज डोंबिवलीत फायनल होती. खरं कारण तिच्या जिभेवर आलेलं. नौपाड्यातल्या डॉक्टरनी चालायला सांगितलेलं, पण धडकाधडकी बंद. मात्र तिसरा महिना संपेपर्यंत कुणाला बोलायचं नाही, नजर लागते, सासूने बजावलेलं. "घाबरले? मी?" करिश्माचं डोकं सटकलं. तिने गुडघ्याला नीकॅप चढवली. तेवढ्यात सासूने धावत येऊन ती ओढून काढली. "नजर गेली खड्ड्यात! धन्या, काका होनार तू!" धनेशने आ वासला. करिश्माला एवढं हलकं वाटलं की हसतच सुटली. "बघायला तरी येऊ?" "लांब खुर्ची टाकतो, तिथून पोरींना शिव्या घाल, माझं कोण ऐकतं? तुझ्या जागी राखीवातल्या निशाला उतरवायचंय, निघतो आता!"