नेहमीचं द्रावक

प्रयोगशाळेतल्या शिक्षिकेला दिवस गेले होते. प्रतिस्थापन अभिक्रियेतलं नेहमीचं द्रावक पोटातल्या बाळाला घातक असतं, म्हणून तिने तोच प्रयोग अल्कोहोलमध्ये करून दाखवला. विभागप्रमुखांनी घड्याळ पाहिलं. "वेळ दुप्पट लागतोय, मॅडम. एवढं सत्र सांभाळून घ्या, पुढच्या वर्षी बघू." ती मास्क लावून जुनंच द्रावक वापरत राहिली. पाचव्या महिन्यात बाळ गेलं. डॉक्टर म्हणाले, कारण सांगता येत नाही. रजेवरून परतली तेव्हा फळीवर अल्कोहोलच्या बाटल्या होत्या आणि प्रमुखांच्या टेबलावर हरित प्रयोगशाळेचा चषक. "पहिला तास तुम्हीच घ्या, तुमच्या जिव्हाळ्याचा विषय," म्हणत ते मागच्या बाकावर बसले. एका मुलीने विचारलं, "मॅडम, आधीच्या द्रावकाचा कुणाला त्रास झाला होता का?" ती बोलायच्या आत मागून उत्तर आलं, "छे. आपल्याकडे कधीच नाही." मुलीने लिहून घेतलं.