मधमाश्यांना सांगायचं राहिलं

“सही करा म्हणजे मी सुटले,” हेस्टर तिसऱ्यांदा म्हणाली.

मिसेस पेल पातेलंभर मटार सोलत राहिल्या.

हॅडकम गावाच्या इतिहासाचं पुस्तक सोमवारी छापखान्यात जायचं होतं. हेस्टरने वर्षभर उंबरे झिजवून घराघरातल्या आठवणी गोळा केल्या होत्या. गाव असं, की पुरातली एकच गाय चार घरच्या आजोबांनी एकेकट्याने वाचवलेली. तेही तिने निमूट लिहून घेतलं. अडलं होतं फक्त पेल घराण्याचं पान. महायुद्धात गेलेल्यांच्या यादीत विल्फ्रेडचं नाव घालायला त्याची आई तयार नव्हती.

“लष्कराचं पत्र येऊन तीन वर्षं झाली, मिसेस पेल.”

“पत्रात ‘बेपत्ता’ लिहिलंय. आणि मधमाश्यांना मी काही सांगितलेलं नाही.”

हेस्टरने कपाळावर हात मारला. घरचं माणूस गेलं की मधपेटीवर घराच्या किल्लीने तीनदा टकटक करून माश्यांना कळवायचं, ही गावची रीत. न कळवलं तर त्या रुसून उडून जातात म्हणे.

“मग सांगा ना एकदाचं.”

“खोटं सांगितलं तरी जातात, पोरी.”

हेस्टरला म्हातारीचा राग आला आणि मग स्वतःचाच. विल्फने दिलेली साखरपुड्याची अंगठी अजून तिच्या बोटात होती. तीन वर्षं दर शनिवारी ती याच स्वयंपाकघरात येऊन रडली होती. निदान पुस्तकात तरी त्याला जागा मिळावी, एवढंच तिला हवं होतं.

“चहा टाकते,” म्हणत मिसेस पेल चुलीकडे वळल्या.

दाराशेजारी खुंटीला किल्ली होती. हेस्टरने ती गुपचूप काढली. आईच्याने होत नाही, तर कोणीतरी करायलाच हवं. नुकत्याच फोडलेल्या लाकडांच्या राशीला वळसा घालून ती परसातल्या खोपीलगतच्या मधपेट्यांपाशी आली. तिने पहिल्या पेटीवर तीनदा टकटक केलं.

“माश्यांनो,” ती म्हणाली, “तुमचा विल्फ गेला. आता परत यायचा नाही.”

खोपीचं दार बोटभर उघडलं.

“त्यांना खोटं सांगू नकोस, हेस्टर,” आतून विल्फ वैतागून म्हणाला. “जातील उडून.”