नकाशात नसलेली माडवाडी

रत्नागिरीच्या इतिहासाचं संग्रहालय उघडून आठवडा होत नाही, तोवर दत्ताराम तिथं चौथ्यांदा आला होता. उभा जन्म होडीवर काढलेला हा सत्तरीचा तांडेल बाकी कुठल्याच दालनात थांबत नसे. तडक जुन्या शहराच्या भिंतीएवढ्या नकाशासमोर जायचा आणि येरझाऱ्या घालायचा. नकाशात किल्ला होता, दीपगृह होतं, खाडी होती. समुद्रानं एका पावसाळ्यात गिळलेली त्याची माडवाडी तेवढी नव्हती. ऑफिसातल्या साहेबांनी दोनदा ऐकून घेतलं आणि सांगितलं, "काका, कागदोपत्री अशी वाडीच नाही."

आज त्याला राहवलं नाही. इकडंतिकडं बघून त्यानं खिशातलं पेन काढलं आणि किनाऱ्यालगत लिहिलं, 'माडवाडी'.

"ओ आबा!" दारावरची गार्डबाई धावतच आली. चाळिशी उलटलेली, गणवेशातली.

दत्ताराम जागचा हलला नाही. "काय करायचं ते कर, बाय. चाळीस घरं होती तिथं. माझा जन्म तिथला."

बाईनं वाकून ती अक्षरं वाचली. मागं जाऊन दालनाचं दार लोटून आली.

"माझापण," ती हळूच म्हणाली. "समुद्र आत आला तेव्हा मी पाळण्यात होते. आई सांगायची, आमचं घर विहिरीला लागून होतं. विहीर नेमकी कुठं होती, आबा?"