लोडिंगचे टायर

सकाळपासूनचं हे तिसरं दुकान. आधीच्या दोन दुकानांत कमळाकरने टायर दाबून पाहिले, नखाने खरवडले, एकाचा तर वासही घेतला, आणि "जरा फिरून येतो" म्हणून बाहेर पडला. आता पनवेलच्या या जुन्या हायवेवरच्या दुकानात येईपर्यंत त्याच्या बायकोच्या, रंभाच्या पायांना गोळे आले होते आणि डोक्याचा पार भुगा झाला होता. अहो, दोन टायर घ्यायचे होते. पोरीला स्थळ बघायला निघाल्यासारखा काय फिरतो हा माणूस!

ट्रेलर सुकापूरला अंगणात विटांवर उभा होता, त्याची दोन चाकं तेवढी जीपमध्ये घालून आणली होती. दुकानदार विश्वजीत तरुण पोरगा, पण शांत डोक्याचा. त्याने चाकं आडवी टाकली, कडेवरून बोट फिरवलं. नक्षी अजून नवीच होती, पण दोन्ही टायरांच्या कडेला लिंबाएवढे फुगे आले होते. हे तर छोट्या कॅम्पिंग ट्रेलरचे टायर, यांच्यावर लादलं काय होतं, असं त्याने विचारलं. काय नाय, घरचंच सामान, कमळाकर म्हणाला.

घरचंच! रंभाला हसावं की रडावं कळेना. दोन वर्षांमागे त्यांचा धनेश नोकरीला पुण्याला गेला, तेव्हा त्याने हौसेने घेतलेला तो ट्रेलर आईबापाला देऊन गेला. आत दोघांपुरती गादी, एक शेगडी, एक खिडकी. तुम्ही दोघं फिरा, म्हणाला पोरगा. कसलं फिरणं! भावकीत कुणाची हळद निघाली की गादी ओट्यावर यायची आणि ट्रेलरमध्ये जनरेटर, भाताचे टोप, बर्फाच्या लाद्या, खुर्च्यांची चळत. अकरा हळदी झाल्या त्या ट्रेलरवर. रंभाने त्यात एकदा पाठसुद्धा टेकली नव्हती.

या सोमवारी मात्र दिवेआगरला जायचं ठरलं होतं. दोघांनीच. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण दोघंच असे कुठे गेले म्हणून नव्हते. कार्ल्याला आईच्या दर्शनाला गेले तरी टेम्पो भरून. रंभाने दोन नव्या चादरी काढून ठेवल्या, चहासाखरेचे डबे भरले, आणि ही बातमी शेजारणीलासुद्धा सांगितली नाही. आणि या बाबाने काल नाक्यावर उभ्या उभ्या दादूला सांगून टाकलं. दादू म्हणजे त्याचा चुलतभाऊ, बोलावलं नाही तरी येणारा. सकाळपर्यंत एकोणीस माणसं झाली. माणसं दादूच्या टेम्पोत आणि टोप, शेगड्या, जनरेटर ट्रेलरमध्ये, असं सगळं ठरूनही गेलं. रंभाने जाब विचारला तर म्हणतो, घरचीच माणसं हायत, नाय कसं सांगू? नाही म्हणायला या माणसाची जीभच वळत नाही, त्याला कोण काय करणार.

विश्वजीतने दोन प्रकारचे टायर काढून समोर ठेवले. एक होता तसाच, साधा. दुसरा लोडिंगचा, जाड, सामानाच्या टेम्पोला लावतात तो. लोडिंगचा वाटेल तेवढं ओझं ओढेल, पण ट्रेलर हलका असला की त्याच्यावर उड्या मारेल आणि आतली कपाटं खिळखिळी होतील, असं त्याने समजावून सांगितलं. साधा घेतला तर ट्रेलर मऊ चालेल, पण दोन माणसांचं सामानसुमान, त्याच्यावर काही टाकायचं नाही.

"वजन किती पडणार ते सांगा काका, म्हणजे ठरवता येईल."

यात ठरवायचं काय होतं? पण कमळाकर मान खाजवत उभा. तेवढ्यात फोन वाजला. दादूच. आता दुकानातही आला हा, रंभा पुटपुटली. दादूचा आवाज एवढा मोठा की फोन कानाला लावायची गरजच नाही. लोडिंगचेच घे, तो सांगत होता, माणसं आता बावीस झाली, मोठा टोपपण घेतलाय. कमळाकर हो रे, हो रे करत होता आणि त्याचा हात जाड टायरावर जाऊन बसला होता.

रंभा स्टुलावरून उठली. साध्या टायरांतला एक तिने स्वतःच लोळवत विश्वजीतच्या पायाशी आणला.

"बाला, हे चढव. आत दोन माणसं निजतील, एवढंच वजन. तिसरं कोण चढलं तर फुटले पायजेत."

विश्वजीतने कमळाकरकडे बघितलं. कमळाकरने फोनवर तळहात दाबून धरला आणि हे काय बोलतेस, लोक काय म्हणतील, असं काहीतरी हळू आवाजात म्हणाला.

"म्हणू दे." रंभाचा राग कुठल्या कुठे गेला होता. आवाज तेवढा ओला झाला होता आणि त्याची तिला दुकानात, परक्या पोरासमोर, लाजही वाटत होती. "बावीस माणसांचा भात मी घरीपण रांधते. मला एकदा तुमच्यासंगती जायचाय."

फोनमधून दादू हॅलो हॅलो करत होता. दुकानाच्या भिंतीला लोडिंगच्या टायरांची थप्पी पार छताला लागली होती. त्या थप्पीला पाठ टेकून कमळाकरने फोन कानाला लावला.

"नाय रे दादू," तो म्हणाला, "लोडिंगचे भेटतच नाय. अख्ख्या पनवेलात नाय. दोन माणसांचेच हायत."